नॉर्मल रिपोर्ट मी का मानला नाही

ज्या दिवशी मला ‘तुम्हाला काहीही झालेलं नाही’ असं सांगण्यात आलं, तो माझ्या आजारपणातला सगळ्यात वाईट दिवस होता. आजार सापडला त्या दिवशी मात्र मी हॉस्पिटलातच हसले. हे वाचून कुणाला वाटेल, बाईचं डोकं ठिकाणावर नाही. वाटू दे. लोकांना काय काय वाटतं याची मला आता चांगली सवय झाली आहे.

मी वैशाली. डहाणूजवळ नरपडला राहते आणि शाळेची व्हॅन चालवते. नरपड, चिखले, घोलवड अशी मुलं गोळा करत बोर्डीच्या शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची. माझे मिस्टर, सुधीर, तारापूरच्या बाजूला एका कंपनीत कायमच्या रात्रपाळीला आहेत. मुलगी पालघरला होस्टेलवर शिकते. म्हणजे रात्री घरात आम्ही दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. आमच्या खाटा एकाच खोलीत, एकीला लागून एक.

मला झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे. डॉक्टर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. गाढ झोप लागली की घसा आतून मिटतो, श्वास थांबतो, शरीर घाबरून अर्धवट जागं होतं, श्वास सुरू होतो, आणि डोळा लागला की पुन्हा तेच. सकाळी उठणारीला यातलं काही आठवत नाही. तिला एवढंच कळतं की आपण झोपलो होतो आणि दमून उठलो. यापलीकडची डॉक्टरी माहिती मी सांगणार नाही, ती सांगायला डॉक्टर आहेत. मला बोलायचंय ते तपासण्यांबद्दल. कारण मी एक सोडून दोन तपासण्या पास झाले होते आणि दोन्ही चुकल्या होत्या.

वाळूत गेलेली व्हॅन

दोन-तीन वर्षं मी थकलेलीच होते. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं पडलेलं. भाजी परतता परतता ओट्याला टेकून डुलकी लागायची. दुकानात गेले की कशाला आले तेच विसरायचे. चिडचिड तर विचारूच नका. ज्याला सांगावं तो म्हणायचा, चाळिशी उलटली, बाईमाणसाचं असंच असतं. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. गोळ्यांनी पोट तेवढं बिघडलं.

मग ती दुपार आली. मुलं घेऊन मी बोर्डीहून परत येत होते. उजव्या हाताला सुरूचं बन, पलीकडे समुद्र, रस्ता मोकळा. मागे मुलांचा नुसता कालवा चालला होता. एवढ्या कालव्यात कुणाला झोप लागेल? मला लागली. डोळे उघडले तेव्हा व्हॅन रस्ता सोडून झाडांमधल्या वाळूत रुतून उभी होती आणि पुढचं झाड काचेपासून हातभर लांब होतं. समोरून त्या वेळी काही येत नव्हतं, एवढंच नशीब. मागे मुलं टाळ्या पिटत होती.

“ताई, अजून एकदा! ताई, परत!”

त्यांना वाटलं, मी मुद्दाम गंमत केली. मीही हसले. त्यांच्यासमोर दुसरं करणार काय? रस्त्यावरच्या लोकांनी धक्का मारून गाडी बाहेर काढली. त्यातल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला हातापाया पडून स्टेअरिंगवर बसवलं आणि मुलं ज्याच्या त्याच्या घरी पोचवली. घरी आल्यावर मोरीचं दार लावून मी रडले.

संध्याकाळी मिस्टर ड्यूटीला निघाले तेव्हा त्यांच्यासमोर व्हॅनची चावी ठेवली. म्हटलं, “मला काय होतंय ते कळेपर्यंत मी मुलं बसवणार नाही.” पालकांच्या ग्रुपवरही खरं तेच लिहिलं. गाडी चालवताना झोप लागली, कारण सापडेपर्यंत दुसरे ड्रायव्हर येतील. काहींनी हात जोडलेले पाठवले, काहींनी बरंच काही सुनावलं. ते सगळं मी वाचलं आणि ग्रुप बंद करून ठेवला.

पुरुष असाल तर एक मार्क

माझं माहेर तलासरीला. भावाचा फोन आला, “ताई, इथे तपासणीचं शिबिर आहे. झोपेचं पण बघतात. येऊन जा.” मी आईंना घेऊन गेले. आईंना शिबिरांचा भरवसा नाही, पण मला एकटीला सोडायलाही त्या तयार नव्हत्या.

एक तरुण मुलगी प्रश्न विचारायला बसली होती. बिचारी गोड होती, तिच्यावर माझा राग नाही.

“घोरता का?”

“मी झोपलेली असते. मला कसं कळणार?”

“बरोबर आहे ताई, पण प्रश्न असाच आहे.” मग ती आईंकडे वळली. “आजी, या घोरतात का?”

आई ताठ बसल्या. “नाय गो. आमच्या घरात बाया नाय घोरत.”

“झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का?”

“मिस्टर रात्रपाळीला असतात,” मी म्हटलं. “कोण पाहणार?”

आई काही बोलल्या नाहीत. प्रश्न मला होता आणि उत्तर मी दिलं होतं. दिवसा झोप येते का, याला मी जोरात हो म्हटलं. तेवढा एकच हो. ब्लडप्रेशर नाही, पन्नाशी नाही, वजनाचा काटा बघून ती म्हणाली, छान आहे. गळ्याला टेप लावली, तर गळा बारीक निघाला. शेवटी तिने न विचारताच एक खूण केली. ती कसली, असं मी विचारलं.

“बाई की पुरुष. पुरुष असाल तर एक मार्क.”

“म्हणजे बाई आहे म्हणून मी सुटले?”

“तसंच काहीसं, ताई.” ती ओशाळून हसली. “तुम्हाला धोका कमी आहे.”

आता हे प्रश्न कुणा मूर्खाने काढलेत असं मी म्हणत नाही. नंतर डॉक्टरांनी समजावलं की ही नुसती चाळणी असते. जाडजूड, घोरणारे, पन्नाशीचे पुरुष तिच्यात पटकन अडकतात आणि त्यांचं भलं होतं. पण आई रवा चाळतात तेव्हा खाली पडलेल्यातही एकदा बोटं फिरवून बघतात. माझ्या बाबतीत कुणी बोटं फिरवली नाहीत. आणि मुळात सगळे प्रश्न अशा बाईला विचारले, जी त्या वेळी झोपलेली असते.

परत येताना मी रिक्षात भांडभांड भांडले, समोर कुणी नसताना. आई खिडकीबाहेर बघत होत्या.

यंत्र एका रात्रीसाठी घरी आलं

आमच्याकडे दुखणं जरा मोठं वाटलं की लोक गुजरातेत वापी नाहीतर वलसाड गाठतात. मीही वापीच्या एका हॉस्पिटलात गेले. आई बरोबर होत्याच. डॉक्टर गुजराती, मराठी कळणारे, बोलताना हिंदी-गुजराती मिसळणारे. त्यांनी घरी करायची तपासणी दिली. छोटी पिशवी, तिच्यात छातीला बांधायचा पट्टा, नाकाशी लावायची नळी आणि बोटाला लावायचा चिमटा. तिथल्या माणसाने आम्हा दोघींना समोर बसवून सगळं लावून दाखवलं आणि बजावलं, “घरी रोज झोपता तसंच झोपायचं. काही वेगळं करू नका.”

आईंनी मान डोलावली. त्यांनी इतक्या लक्ष देऊन ऐकलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

त्या रात्रीचं सांगायचं तर बराच वेळ मी जागीच होते. कुशीवर झालं तर नळी निघेल, हात हलवला तर चिमटा तुटेल, दुसऱ्याची वस्तू आहे, असले विचार. मग केव्हातरी डोळा लागला. सकाळी नेहमीसारखं डोकं जड होतं. मनात म्हटलं, बरं झालं, आता सापडेल.

यंत्र परत दिलं. काही दिवसांनी बोलावणं आलं.

“बेन, रिपोर्ट तो नॉर्मल छे,” डॉक्टर म्हणाले. “टेन्शन मत लो.”

मी आभार मानून बाहेर आले. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसले आणि उठवेना. काय वाटलं ते सरळच सांगते. लाज वाटली. म्हणजे मला काही झालेलं नाही, मी नुसतीच आळशी, नुसतीच बेजबाबदार बाई, जिने भरल्या गाडीत डोळे मिटले.

घरात सगळे खुश

आईंनी शिरा केला. मिस्टरांनी ग्रुपवर स्वतःच लिहून टाकलं, रिपोर्ट नॉर्मल आहे. लगेच उत्तरं आली. दुसरा ड्रायव्हर रोज उशिरा येतो, ताई तुम्ही सोमवारपासून या. ज्यांनी मला सुनावलं होतं तेही या म्हणत होते. एका कागदाने सगळ्यांची भीती गेली होती, माझी सोडून.

“सोमवारी जातेस ना?” मिस्टरांनी विचारलं.

“नाही.”

“अगं, डॉक्टर सांगतायत. मशीन काय खोटं बोलतं का?”

“मशीन खोटं बोलत नसेल. पण मला अजून दिवसा झोप येते. काल डाळ करपली ती कशाने?”

“डाळ सगळ्यांची करपते. शाळेने दिवाळीच्या सुट्टीपर्यंतच थांबायचं कबूल केलंय. नंतर रूट दुसऱ्याला देतील. किती वेळा तपासणार? आजारी पडायची हौस आहे का तुला?”

हा शेवटचा प्रश्न मला फार लागला. मिस्टर वाईट माणूस नाहीत. रात्रभर मशीनसमोर उभे राहून सकाळी घरी येतात, त्यांनाही कुणी विचारत नाही. पण त्या दिवशी मी ताट सरकवून उठले आणि आमचं बोलणं बंद झालं. एका घरात राहून ते बिछान्यावर जाईपर्यंत मी मागच्या अंगणात, मी आत आले की ते झोपलेले, असे दिवस गेले.

मी स्वतःशीच वाद घालायचे. कधी वाटायचं, सगळे म्हणतात तर जावं, चार कप चहा प्यावा आणि चालवावी गाडी. मग त्या टाळ्यांची आठवण यायची. ती मुलं माझ्या भरवशावर खिडकीला नाक लावून बसतात. मी नॉर्मल आहे असं त्या झाडाला जाऊन कोण सांगणार होतं?

शेवटी ठरवलं, मला अजून एक उत्तर हवं आणि ते मिळेपर्यंत मी गप्प बसणार नाही.

आईंना आत बोलावलं तेव्हा

पुन्हा वापी. आई या वेळी आत आल्या नाहीत, बाहेरच्या बाकावर बसल्या. मी डॉक्टरांसमोर बसले आणि म्हटलं, मला परत तपासायचंय.

“बेन, जरूर नथी. नॉर्मल आहे तुमचा रिपोर्ट.”

“डॉक्टर, तुम्हाला मुलं आहेत?”

त्यांना प्रश्न कळेना. “एक दीकरी छे. स्कूल में है.”

“उद्या तिला माझ्या व्हॅनमधून पाठवा. मी नॉर्मल आहे, तुमचीच सही आहे. पाठवाल?”

माझा आवाज चढला असणार, कारण बाहेरचा शिपाई दार उघडून डोकावला. डॉक्टरांचाही चेहरा बदलला. मला वाटलं, आता हे मला घालवून देणार. पण त्यांनी शिपायाला हाताने जा म्हटलं, चष्मा पुसला आणि कॉम्प्युटर माझ्याकडे थोडा वळवून माझी ती रात्र उघडली. नुसता शेवटचा आकडा नाही, सगळी रात्र, रेघांनी भरलेली.

बराच वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, यंत्राला झोप आणि जाग यातला फरक कळत नाही. ते चालू असलेले सगळे तास धरून सरासरी काढतं. तुम्ही किती वेळ जाग्या होता? मी म्हटलं, बराच. मला मुद्दा लगेच कळला. व्हॅन शाळेबाहेर उभी असतानाचा वेळही धरून वेग काढला तर ती बैलगाडीच ठरणार.

मग त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं. “हे बघा. तुम्ही उताण्या झोपलात की लगेच कुशीवर. परत उताण्या, परत कुशीवर. उताणं असं तुम्ही राहतच नाही. एवढी कूस का बदलता?”

“मला माहीत नाही. मी बदलत नाही.”

“बाजूला कोण झोपतं?”

मी दाराकडे बघितलं. आईंना आत बोलावलं. त्या पदर सारखा करत खुर्चीच्या कडेवर बसल्या.

“बा, ह्या रात्री एवढ्या वळतात, तुम्ही बघितलंय?”

“ती नाय वळत,” आई म्हणाल्या. “मी वळवते.”

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं. आईंना वाटलं आपलं काही चुकलं, म्हणून त्या भराभर सांगू लागल्या. “उताणी झोपली ना, की घसा घरघरते तिचा. मग एकदम गप्प. श्वासच नाय. मी हात लावते, कुशीवर करते, मग चालू होते. परत उताणी होते, परत करते. त्या दिवशी पण केलं. तुमचा माणूसच बोलला ना, रोजच्यासारखं करा, वेगळं काय करू नका.”

“रोज?” डॉक्टरांनी विचारलं. “किती वर्षं?”

“सुधीर रात्रपाळीला लागला तवापासून. आमच्या खाटा बाजूबाजूला.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “अने बा, तमे क्यारे सूवो छो? तुम्ही कधी झोपता?”

“दुपारला,” आई म्हणाल्या. “ही गाडी घेऊन जाते ना, तवा.”

मला आधी राग आला. खोटं कशाला सांगू. “आई, तलासरीला त्या मुलीने विचारलं तेव्हा का नाही बोललात?”

“सुनेचं असलं चारचौघांत बोलायचं असते काय? उद्या लोक हसतील तुला. आणि तूच बोललीस, कोण पाहणार.” त्यांचा आवाज बारीक झाला. “मला वाटलं, मी हाय ना. माझा हात हाय तवर तुला काय होत नाय.”

मग काय झालंय ते त्यांना कळलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. “माझ्यामुळे चुकला काय गो तुझा रिपोर्ट?”

मी त्यांचा हात धरला आणि दोघी रडलो. डॉक्टर रेघांकडे बघत राहिले. काही वेळाने म्हणाले, एक रात्र इथे झोपा. एकट्या. बांना आत येऊ देणार नाही.

सापडलं

हॉस्पिटलात झोपायचं म्हणजे डोक्याला, हनुवटीला, पायांना वायरी. केसांत चिकट काहीतरी लावतात, ते नंतर दोन वेळा धुऊनही जात नाही. नर्स मल्याळी होती, माझी वेणी तिने इतक्या हळुवारपणे सोडली की मला माझ्या माहेरची आठवण आली. आईंना आत सोडेनात तेव्हा त्या दाराशी भांडल्या. घरी जा म्हटलं तर गेल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या.

मी घाबरले होते का? हो. आयुष्यात पहिल्यांदा असं झोपायचं होतं की मला कुणी हात लावणार नाही. गंमत बघा, इतकी वर्षं तो हात होता हे मला माहीतच नव्हतं.

निकाल सांगताना डॉक्टरांनी आवाज खाली घेतला. आजार आहे, आणि बराच जास्त आहे. खालचा जबडा जरा मागे आहे, घशात जागा कमी, म्हणून बारीक असूनही. श्वास कुशीवरही अडकतो, उताणं झोपल्यावर तर फारच. ते वाक्य संपायच्या आत मी हसले. मोठ्याने हसले. मी आळशी नव्हते, वेडी नव्हते, मला हौस नव्हती. डॉक्टर घाबरले असतील.

भीती नंतर आली, परत येताना ट्रेनमध्ये, संजाण स्टेशन गेल्यावर. शेजारी आई खिडकीला टेकून झोपल्या होत्या, तोंड उघडं, हात माझ्या मांडीवर. त्या एखाद्या रात्री आजारी असत्या तर? लेकीच्या घरी राहायला गेल्या असत्या तर? स्टेशनं जात राहिली आणि मी त्यांच्या हातावर हात ठेवून बसले.

घरी मिस्टर जागे होते. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, परत वाचला. “हौसेचं बोललो मी,” म्हणाले, आणि कागदाची नीट घडी करून माझ्या हातात दिली. मी चहा टाकला. आमचं बोलणं सुरू झालं.

मास्क

यावर इलाज म्हणजे रात्री नाकावर मास्क लावायचा आणि यंत्राने हवा आत ढकलायची. वाचताना सोपं वाटतं. पहिल्या रात्री मी तो ओढून फेकला. बुडतेय असं वाटलं. नाक कोरडं ठणठणीत, गालावर पट्ट्यांचे वळ. मिस्टर म्हणाले, हत्तीसारखी दिसतेस. मी म्हटलं, हत्ती तरी झोपतो.

ज्यांना हे नवीन लागलंय त्यांना सांगते, सोडू नका. मास्कचा आकार मोठा-लहान मिळतो, बदलून मागा. लाजू नका. मी मास्क बदलून घ्यायला इतक्या वेळा गेले की तिथली मुलगी मला बघून आधीच पेटी उघडायची. दिवसा टीव्ही बघताना नुसता लावून बसायचे, सवयीसाठी. शेजारच्या बायका दारातून डोकावून जायच्या. डोकावू दे.

आणि एका सकाळी मी उठले आणि डोकं हलकं होतं. एवढंच. समुद्रावरून वारा येत होता, कुणीतरी अंगणात चिकू पुसत बसलं होतं, आणि मला प्रत्येक गोष्ट जरा जास्त स्वच्छ दिसत होती. मी किती वर्षं अर्धवट जागी होते ते मला त्या दिवशी कळलं. आनंदाने मला हसावं की ओरडावं ते सुचेना.

आई मात्र सुरुवातीला झोपत नव्हत्या. सवयीने उठायच्या, हात माझ्याकडे यायचा, श्वास नीट चाललेला बघून पुन्हा मागे जायचा. “आता करू काय मी?” त्यांनी एकदा विचारलं. “झोपा,” मी म्हटलं. ते त्यांना जमायला माझ्यापेक्षा जास्त दिवस लागले.

आता मी आजारी ठरले

काही आठवड्यांनी यंत्रातली माहिती बघून डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. शाळेने दिलेल्या मुदतीत मी परत आले होते. पण पालकांनी सभा बोलावली.

मी नॉर्मल होते तेव्हा हेच लोक सोमवारपासून या म्हणत होते. आता आजार सापडला, इलाज चालू झाला, झोप होऊ लागली, तर मी धोक्याची झाले. घोलवडचे केतनभाई उभे राहिले. त्यांची चिकूची वाडी आहे, मुलगी माझ्या व्हॅनमध्ये यायची.

“ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण तुम्ही पेशंट आहात. गॅरंटी काय?”

“गॅरंटी त्या नॉर्मल रिपोर्टने दिली होती, केतनभाई,” मी म्हटलं. “तो तुम्हाला चालला होता. मी गॅरंटी देत नाही. मी एवढंच सांगते, माझी झोप झाली नसेल तर मी गाडी काढणार नाही आणि तसं तुम्हाला कळवेन. असं कबूल करणारा दुसरा ड्रायव्हर असेल तर आणा. चावी इथे ठेवते.”

मी खरंच चावी टेबलावर ठेवली. कुणी उचलली नाही. पण केतनभाईंनी मुलीला काढलं, आणखी काहींनीही काढलं. अर्धी व्हॅन रिकामी घेऊन मी सुरुवात केली. थांब्यावर आया विचारायच्या, “ताई, झोप झाली का?” पहिल्या दिवशी मला अपमान वाटला. मग वाटलं, विचारलंच पाहिजे. सगळ्याच ड्रायव्हरना विचारलं पाहिजे.

पुढे एकदा रात्री वारा सुटला, माडाची झावळी तारांवर पडली आणि सकाळपर्यंत लाईट नव्हती. यंत्र बंद. उठले तेव्हा जुनी सकाळ परत आली होती, डोकं जड, तोंड कोरडं. त्या दिवशी मुलांची परीक्षा होती. गाडी काढली असती तर कुणाला कळलंही नसतं. मला मात्र कळलं असतं.

मी ग्रुपवर लिहिलं, “आज व्हॅन येणार नाही. रात्री लाईट नव्हती, माझी झोप झालेली नाही.”

जे व्हायचं ते झालं. परीक्षेच्या दिवशीच का, आधी सांगायचं ना, असले आजारी लोक ठेवूच नयेत. मिस्टर नुकतेच कामावरून आले होते. त्यांनी माझा फोन घेऊन ते सगळं वाचलं. मला वाटलं, आता म्हणतील, जा एक दिवस. त्यांनी फोन परत दिला. डोळे लाल, तसेच स्कूटर काढून जवळची दोन मुलं सोडायला गेले.

दुपारी फोन वाजला. केतनभाई. मुलीला काढलं होतं, पण ग्रुप सोडलेला नव्हता.

“ताई, सकाळी तुमचं वाचलं.”

“ऐकवायचं असेल तर ऐकवा,” मी म्हटलं. “मी तयार आहे.”

“नाही हो. मी सांगत होतो, ड्रायव्हर लोक तापात चालवतात, पिऊन चालवतात. आज नाही येत असं कोणी बोलत नाही. बेबीला परत पाठवतो. उद्या नक्की येणार ना तुम्ही?”

“झोप झाली तर,” मी म्हणाले.